लेखणीचा माग, तबकडीची लय

वसईच्या मोहिमेची पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजीअप्पांच्या छावणीतून पुण्याला, पुण्याहून छावणीत आणि एका मोर्च्यातून दुसऱ्या मोर्च्यात गेलेले हे मोडी कागद पेशवे दफ्तरात जपले गेले. त्यातले पुष्कळ छापलेही गेले. तोफा किती, दारूगोळा किती, सुरुंग कुठे लावले, माणसे किती पडली, हे सारे त्यांत आहे. नाही ते एवढेच, की ती पत्रे लिहिणाऱ्या कारकुनाचा हात कसा चालला. कोणत्या वळणावर तो रेंगाळला, बोरू कुठे दाबला गेला, अक्षराचा कोणता अवयव आधी आणि कोणता नंतर आला, हे कागद सांगत नाही. कागदावर लेखनाचा शेवट उरतो. लेखन घडताना काय झाले ते विरून जाते.

ही उणीव भरून काढणारी साधने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत तयार झाली. त्यांतली एक म्हणजे लिहिणाऱ्या हाताचा माग काढणारी इलेक्ट्रॉनिक लेखणी. तिने टिपलेली हालचाल साठवायला जागा लागते, आणि ती जागा आजही बहुतांशी फिरणाऱ्या चुंबकीय तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये असते. वरवर पाहता ही दोन वेगळी यंत्रे. एकीचे नाते हस्ताक्षराशी, दुसरीचे गोदामाशी. पण त्यांच्या पेटंटांचे कागद शेजारी ठेवून वाचले की दोघींपुढचा प्रश्न एकच होता असे दिसते: हलणारी वस्तू या क्षणी नेमकी कुठे आहे, हे तिला हात न लावता कसे ओळखायचे? उत्तरेही दोघींनी सारखीच काढली. ती उत्तरे समजावून सांगणे आणि आपल्या हस्तलिखितांशी व बोलींशी त्यांचा काय संबंध पोहोचतो ते दाखवणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे मी विद्यापीठाच्या वाटेने आलो नाही. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत जळालेल्या मोटारींचे रिवाइंडिंग करण्यात माझी अठरा वर्षे गेली. तांब्याची तार, इन्सुलेशनचा कागद, व्हार्निशचा वास आणि तीन फेजची जोडणी हे माझे पहिले शिक्षण. पुढचे वाचून झाले, आणि त्या वाचनात पेटंटांचा वाटा मोठा आहे. पेटंट म्हणजे नुसती मक्तेदारी असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो एक सौदा आहे. संशोधकाने आपली युक्ती जाणकाराला करून पाहता येईल इतक्या तपशिलाने उघड करायची, आणि त्या बदल्यात राज्याने त्याला ठरावीक काळ, आपल्याकडे २० वर्षे, तिच्यावर एकट्याचा हक्क द्यायचा. मुदत संपली की युक्ती सर्वांची. म्हणून जुनी पेटंटे हे स्वतःहून शिकणाऱ्याचे फुकट ग्रंथालय आहे. त्यांची भाषा मात्र सोसावी लागते. पेटंटातला प्रत्येक दावा, कितीही लांबला तरी, एकाच वाक्यात लिहायचा असा संकेत आहे. आपल्या बखरकारांनाही धाप लागेल अशी वाक्ये त्यांत भेटतात.

हात इथे, अक्षर तिथे

लिहिणाऱ्या हाताचा माग विजेने काढण्याची पहिली नावाजलेली यशस्वी खटपट अमेरिकेत एलिशा ग्रे याने केली. टेलिफोनच्या शोधाच्या वादात ग्रेचे नाव येते, कारण १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी त्याचे आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचे कागद पेटंट कार्यालयात दाखल झाले. टेलिफोनचे श्रेय बेलला गेले. ग्रेने पुढे १८८८ साली टेलॉटोग्राफ या यंत्राचे पेटंट मिळवले. एका टोकाला माणूस कागदावर लिही, त्याची लेखणी बारीक दोऱ्यांनी यंत्राला जोडलेली असे. लेखणी सरकली की दोन दिशांची हालचाल वेगवेगळ्या विद्युतप्रवाहात बदले. तारेच्या दुसऱ्या टोकाला तोच प्रवाह दुसरी लेखणी चालवी आणि दूरच्या गावी तेच अक्षर, तीच सही उमटे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडले होते. स्वामी विवेकानंदांमुळे आपल्याला माहीत असलेली सर्वधर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

टेलॉटोग्राफची अडचण उघड होती. लेखणी दोऱ्यांनी बांधलेली होती, म्हणजे माग काढणारा हातावर ओझे टाकत होता. तो अडथळा पुष्कळ कमी झाला १९६४ साली, कॅलिफोर्नियातल्या रँड या संशोधन संस्थेत. तिथे दहा इंच लांब-रुंद अशी एक पाटी तयार झाली. पाटीच्या पृष्ठभागाखाली उभ्या-आडव्या १,०२४ रेषांची तारांची जाळी होती आणि प्रत्येक रेषेतून वेगळ्या सांकेतिक ठोक्यांचा विद्युतसंदेश जाई. लेखणीचे टोक ज्या छेदबिंदूवर असेल तिथला संदेश तिला ऐकू येई आणि त्यावरून संगणकाला जागा कळे. दहा लाखांहून अधिक छेदबिंदू, प्रत्येकाचा आपला पत्ता. आता बोलत होती ती पाटी आणि ऐकत होती ती लेखणी. पण ऐकलेले संगणकापर्यंत न्यायला लेखणीला वायर हवीच होती.

बोलणारी तार गप्प होते तेव्हा

वायर तोडण्याची जी युक्ती सर्वांत जास्त टिकली, ती जपानमध्ये १९८३ साली स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीच्या नावाने ओळखली जाते. तिच्या लेखणीत वायर नाही आणि बॅटरीही नाही. तरी पाटीला ती कुठे आहे हे कळते, टोक किती जोराने दाबले हेही कळते. हे कसे घडते, ते पाहण्यासारखे आहे.

सतारीत तरफांच्या तारा असतात. वादक त्यांना छेडत नाही. वरच्या तारेतून त्यांच्या स्वराचा नाद उठला की त्या आपोआप थरथरतात आणि वरची तार थांबली तरी क्षणभर गुणगुणत राहतात. या गुणाला अनुनाद म्हणतात. बिनबॅटरीच्या लेखणीत अशीच एक तरफ आहे. तांब्याच्या तारेची बारीक कॉईल आणि तिला जोडलेला एक कपॅसिटर, एवढाच तिचा ऐवज. या जोडीचा एक ठरलेला विद्युत-स्वर असतो, सेकंदाला काही लाख आवर्तनांचा.

पाटीच्या पोटात तारांच्या वेटोळ्यांची रांग असते, काही उभी, काही आडवी. यंत्र एका वेटोळ्यातून त्याच स्वराचा प्रवाह अगदी थोडा वेळ सोडते. जवळच्या लेखणीतली कॉईल त्या चुंबकीय क्षेत्राने थरथरू लागते. मग यंत्र प्रवाह तोडते आणि तेच वेटोळे ऐकण्याच्या कामाला लावते. लेखणी अजून गुणगुणत असते. तिच्या गुणगुणीने वेटोळ्यात क्षीण विद्युतदाब उमटतो. जे वेटोळे लेखणीच्या सर्वांत जवळ, त्यात तो जास्त. शेजारच्या दोघांत थोडा कमी. या तीन-चार आकड्यांच्या प्रमाणावरून गणित करून लेखणीची जागा काढतात, आणि ती दोन वेटोळ्यांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी बारीक मापाने निघते. लेखणीचे टोक दाबले की आतल्या जोडीचा स्वर किंचित बदलतो. सूर उतरला किती, यावरून दाब किती हे कळते. ही सगळी देवघेव सेकंदाला शंभर-दोनशे वेळा होते.

इथे मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की बोलायला एक तार आणि ऐकायला दुसरी अशी सोय नाही. तीच तार बोलते, मग गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यात तिला उत्तर ऐकू येते. पुढे हार्ड डिस्कच्या मोटारीत हीच गोष्ट पुन्हा भेटणार आहे.

लेखणी काय टिपते

अशा पाटीवर लिहिले की अक्षराचे चित्र साठत नाही. साठते ती नोंदींची लांबलचक रांग: या क्षणी टोक आडवे इतक्यावर, उभे इतक्यावर, दाब इतका, पुढच्या क्षणी इतका. चित्र या नोंदींवरून हवे तेव्हा काढता येते. पण नुसत्या चित्रावरून नोंदी परत मिळत नाहीत. छायाचित्र आणि चलच्चित्र यांत जो फरक, तोच इथे आहे.

देवनागरीच्या बाबतीत हा फरक फार बोलका आहे. ‘धर्म’ हा शब्द घ्या. उच्चारात र् आधी येतो आणि म नंतर. संगणकाच्या स्मृतीतही तोच क्रम असतो. हात मात्र आधी ध, मग म काढतो आणि रफार शेवटी म च्या डोक्यावर ठेवतो. ‘कि’ मध्ये काहीजण वेलांटीचा दांडा आधी काढतात, काहीजण क पुरा करून मागे येतात. शिरोरेषा कोणी अक्षरागणिक देतो, कोणी शब्द संपल्यावर एका फटक्यात. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श यांचा आग्रह धरला आहे. हस्ताक्षर ओळखणाऱ्या आज्ञावलीला या साऱ्या सवयी शिकाव्या लागतात. रोमन अक्षरांवर शिकलेली आज्ञावली इथे अडखळते, कारण आपल्या लिपीत वर, खाली, मागे, पुढे अशा चारी बाजूंनी चिन्हे लागतात आणि ती लावायला हात पुन्हा मागे फिरतो.

या शतकाच्या पहिल्या दशकात एचपी कंपनीच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेने भारतीय लिप्यांसाठी एक वेगळा कळफलक तयार केला होता, तो याच जाणिवेतून. पाटीवर व्यंजनांचा तक्ता छापलेला. हव्या त्या व्यंजनाच्या घरात लेखणी टेकवून मात्रा, वेलांटी, उकार हाताने काढायचा. जागेवरून व्यंजन ओळखायचे आणि वळणावरून स्वर. बाराखडी घोटलेल्या माणसाला तो कळायला वेळ लागत नसे. पुढे मोबाइलवरच्या सोयी आल्या आणि तो मागे पडला, पण लिपीचा स्वभाव ओळखून केलेले यंत्र म्हणून त्याची आठवण ठेवायला हवी.

मोडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मोडीत आधी सबंध ओळीची शिरोरेषा आखून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे शक्यतो हात न उचलता ओवत जातात. पुस्तकातून मोडी शिकणाऱ्याला अक्षरांचे आकार कळतात, ओवण्याची चाल कळत नाही. पन्नासच्या दशकात मोडी शाळांतून मागे पडली, त्यामुळे लहानपणी ती हातात बसलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. आमच्या तालुक्यातल्या अशा एका वृद्ध गृहस्थांकडून मी लेखणी-पाटीवर काही पाने लिहून घेतली. ते लेखन संथ गतीने पुन्हा चालवून पाहिले तेव्हा एक अक्षर दुसऱ्यात कसे शिरते, कुठे हात थबकून दिशा बदलतो, हे ओळीमागून ओळ दिसत गेले. अनेक वर्षे मोडी वाचणाऱ्या माझ्या एका स्नेह्याला काही जोडअक्षरांचा उलगडा त्या दिवशी प्रथम झाला, कारण आकार कुठून सुरू होतो हे त्याने आधी कधी पाहिलेच नव्हते. अशा नोंदी आज करता येतात. आणखी दहा वर्षांनी करायला तो हात उरणार नाही.

मास्तरांनी जोडलेला दुवा

हा टिपलेला हात ज्या तबकडीवर साठवायचा, तिचा इतिहासही लिहिण्याच्याच एका यंत्राने सुरू होतो. रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले शाळामास्तर. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचा वैताग कमी करण्यासाठी १९३० च्या दशकात त्यांनी एक यंत्र बनवले. पेन्सिलीतले ग्रॅफाइट विजेचे वाहक असते. म्हणून पर्यायापुढे पेन्सिलीने केलेली खूण यंत्राला प्रवाहावरून ओळखता येते. आयबीएम कंपनीने यंत्रही घेतले आणि मास्तरांनाही. पुढे याच जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत जगातली पहिली हार्ड डिस्क घडली आणि १९५६ साली रॅमॅक या संगणकाबरोबर बाजारात आली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १,२०० फेरे, वजन टनाहून अधिक, आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोलाही ती पुरेलच असे नाही.

आजच्या टेबलावरच्या साडेतीन इंची डिस्कमधली तबकडी साधारण ९५ मिलिमीटर व्यासाची असते आणि नेहमीच्या प्रकारात मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. हिशोब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी १२९ किलोमीटरच्या आसपास निघतो. आमची विरार फास्ट तिच्या सर्वांत मोकळ्या टप्प्यातही तिथवर जात नाही. या तबकडीवर वाचणारे-लिहिणारे हेड हवेच्या पातळ थरावर तरंगते, काही नॅनोमीटर उंचीवर. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात असते, यावरून ते अंतर ताडून पाहावे. केसाच्या रुंदीत डेटाच्या शेकडो समांतर वाटा मावतात. अशा ठिकाणी तबकडीचा वेग जरा पुढेमागे झाला तर वाचलेल्या अक्षरांचा मेळच बसणार नाही. म्हणून वेगातली चूक हजारात एक भागाच्याही आत ठेवावी लागते.

तिसरी कॉईल

ही तबकडी फिरवणारी मोटार कारखान्यातल्या मोटारीची धाकटी बहीण आहे. तीन फेज, तीच स्टार जोडणी. फरक एवढा, की रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि कार्बन ब्रश नसतात. ब्रश नाहीत म्हणजे कोणत्या कॉईलमधून केव्हा प्रवाह सोडायचा हे बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला ठरवावे लागते. झोपाळ्याला झोका देणाऱ्यासारखे ते काम आहे. झोपाळा मागे येऊन वळला की ढकलायचे. अवेळी ढकलले तर झोका मोडतो. मोटारीला योग्य वेळी ढकलायचे तर रोटर कुठे आहे हे आधी कळायला हवे.

सुरुवातीच्या काळात यासाठी मोटारीत चुंबक ओळखणारे संवेदक बसवत. एडविन हॉल याने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर ते चालतात. तीन संवेदक, त्यांच्या वायरी, त्यांना लागणारी जागा, आणि गरम झाले की बिघडण्याची शक्यता. डिस्क लहान होत गेली तशी ही अडचण वाढली. मग निरनिराळ्या कंपन्यांच्या पेटंटांतून एकच कल्पना पुन्हा पुन्हा घासून पुढे आली: संवेदक काढून टाका, मोटारीच्या कॉईललाच विचारा.

तीन फेजपैकी कोणत्याही क्षणी दोनच फेजमधून प्रवाह जातो. तिसरी रिकामी असते. पण तिच्यासमोरून चुंबक सरकत असतो, आणि फॅरेडेने १८३१ साली दाखवल्याप्रमाणे कॉईलपाशी चुंबक हलला की तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. मोटारीच्या भाषेत त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. हा दाब वर चढतो, खाली उतरतो आणि मधे एका क्षणी शून्यातून जातो. तो शून्याचा क्षण म्हणजे रोटर कुठे आहे याची खूण. सर्किट तो क्षण पकडते, ठरावीक वेळ थांबते आणि प्रवाह पुढच्या जोडीत वळवते. आता दुसरी कुठली तरी फेज रिकामी होते आणि ऐकण्याची पाळी तिची. आठ ध्रुवांच्या मोटारीत एका फेऱ्यात २४ वेळा ही पाळी बदलते. ७,२०० फेऱ्यांच्या वेगाला सेकंदाला २,८८० वेळा. लेखणीच्या पाटीतले वेटोळे बोलून झाल्यावर जसे ऐकते, तशीच ही कॉईलही राबून झाल्यावर आपल्या रिकाम्या पाळीत ऐकते.

एक पेच उरतो. मोटार उभी असेल तर चुंबक हलत नाही, म्हणजे ऐकायला काहीच नाही. भलतीकडे ढकलले तर तबकडी उलटी फिरेल आणि हेडला इजा होईल. यावरची तोड मोठी सुंदर आहे. सर्किट प्रत्येक जोडीतून आळीपाळीने दोन्ही दिशांना इतके क्षणिक ठोके देते की रोटर हलतही नाही. चुंबक जिथे असेल त्यानुसार एखाद्या जोडीत प्रवाह जरा चटकन चढतो, एखादीत जरा सावकाश. त्या किंचित फरकावरून रोटरची जागा कळते. कलिंगड विकणारा टिचकी मारून आत काय आहे ते ओळखतो, त्यातला हा प्रकार.

जमिनीवरच्या खुणा

कॉईलच्या ऐकण्याने तबकडीची लय सांभाळली जाते. पण हेडने शेकडो बारीक वाटांपैकी नेमक्या वाटेवर राहायचे ते कसे? तिथे दुसरे उत्तर कामी येते. डिस्क कारखान्यात तयार होतानाच तबकडीवर ठरावीक अंतराने जागेच्या खुणा लिहून ठेवतात. त्यांना सर्वो खुणा म्हणतात. हेड डेटा वाचता वाचता या खुणाही वाचते, डावीकडे सरकले की उजवीकडे हे ओळखते आणि स्वतःला सावरते. एका फेऱ्यात हे कित्येकदा होते.

हेच उत्तर लेखणीच्या जगातही निघाले. अनोटो या स्वीडिश कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कागदच खुणांचा केला. कागदावर साध्या डोळ्यांना करड्या छटेसारखे दिसणारे ठिपके छापायचे, एकमेकांपासून ०.३ मिलिमीटरवर. प्रत्येक ठिपका आपल्या मूळ जागेपासून चार दिशांपैकी एकीकडे किंचित सरकवलेला. सहा गुणिले सहा ठिपक्यांचा कोणताही तुकडा पाहिला की त्याची रचना दुसरीकडे कुठेच आढळत नाही, म्हणजे तो त्या जागेचा पत्ता झाला. लेखणीतला छोटा कॅमेरा सेकंदाला सत्तरहून अधिक वेळा खालचे ठिपके पाहतो आणि आपण कुठे आहोत ते वाचतो. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांनी वाटसरूला जसे कळते तसे. एक तर मुक्या वस्तूला बोलते करून ऐकायचे, नाही तर तिच्या पायाखालची जमीन अगोदरच लिहून ठेवायची. लेखणी आणि तबकडी, दोघींनी या दोन्ही वाटा चोखाळल्या.

वीज जाते तेव्हा

मुंबई बहुतांशी भारनियमनातून सुटली होती त्या काळात, म्हणजे २००५ नंतरच्या काही वर्षांत, आम्ही वसई-विरारकर मात्र दिवसातले कित्येक तास अंधारात काढत होतो. संगणक चालू असताना वीज जाणे ही रोजची गोष्ट होती. इतक्यांदा वीज जाऊनही बहुतेक घरांतल्या डिस्क वाचल्या, त्याचे कारण या मोटारीत आहे.

ऐंशीच्या दशकातल्या अनेक डिस्कमध्ये वीज गेली की हेड जिथे असेल तिथेच तबकडीवर टेके. म्हणून संगणक बंद करण्यापूर्वी हेड सुरक्षित जागी नेण्याची आज्ञा हाताने द्यावी लागे. पुढे ही काळजी डिस्कने स्वतःकडे घेतली. वीज गेली तरी तबकडी लगेच थांबत नाही. वेगामुळे ती काही काळ फिरत राहते. फिरणारा चुंबक आणि भोवती कॉईल, म्हणजे तो जनित्रच झाला. मघाशी जो बॅक ईएमएफ रोटरची जागा सांगत होता, तोच आता वीज पुरवतो. त्या विजेवर हेडची भुजा हलते आणि हेड तबकडीबाहेरच्या उतरंडीवर किंवा ठरवून दिलेल्या पट्ट्यावर जाऊन विसावते. मग कॉईली आपसात जोडून तबकडीला ब्रेक लागतो. बाहेरून वीज येत नसताना डिस्क आपल्याच उरलेल्या गतीतून स्वतःला वाचवते. मात्र त्या क्षणी लिहिला जात असलेला मजकूर तिला वाचवता येईलच असे नाही.

साठवणे आणि जपणे

इथे मूळ प्रश्नाकडे यायला हवे. मोहिमेची पत्रे पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली ती रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवल्याने. हार्ड डिस्क तशी टिकत नाही. चालती डिस्क झिजते. नुसती ठेवून दिलेलीही कायमची भरवशाची नसते, कारण तिच्या बेअरिंगमध्ये तेल आहे, सर्किटवर नाजूक भाग आहेत. कंपन्या हमी देतात ती साधारण दोन ते पाच वर्षांची. ‘क्लाउड’वर ठेवले की प्रश्न मिटला असे वाटते, पण तो क्लाउड म्हणजे कुठल्या तरी इमारतीत फिरणाऱ्या अशाच हजारो तबकड्या आहेत, आणि त्या टिकतात त्या त्यांच्यावरचा मजकूर सतत नव्या तबकड्यांवर उतरवला जातो म्हणून. आपल्याकडे पोथ्यांच्या नकला करण्याची परंपरा होती. या यंत्रांनी ती संपवलेली नाही. उलट नकलेची पाळी लवकर लवकर येऊ लागली आहे.

वसई-विरार पट्ट्यात ही गोष्ट पुस्तकी नाही. सामवेदी म्हणजे कादोडी बोली, वाडवळी बोली, त्यांतली लग्नगीते, आजीबाईंनी सांगितलेल्या कहाण्या, मोडीतले जमिनीचे कागद, यांची ध्वनिमुद्रणे आणि प्रती आज कितीतरी हौशी संग्राहकांच्या घरी एकेका डिस्कवर आहेत. जुलै २०१८ च्या पावसात इथल्या अनेक वसाहतींत तळमजल्यांवर पाणी शिरले आणि वीज काही दिवस बंद राहिली. अशा वेळी मोटारीची हुशारी कामाला येत नाही. म्हणून माझ्यासारख्यांनी पाळायचे नियम थोडेच आहेत: प्रत्येक गोष्टीच्या निदान तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी, वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क चालवून, उघडून पाहणे, चार-पाच वर्षांनी सगळे नव्या डिस्कवर उतरवणे.

लेखणीने टिपलेल्या हालचालीसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. बहुतेक कंपन्या ही हालचाल आपापल्या गुप्त स्वरूपात साठवतात. कंपनीने उत्पादन बंद केले की डिस्क शाबूत असूनही आतला हात मुका होतो. यासाठी एक खुला मार्ग आहे. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संघटनेने २०११ साली इंकएमएल या स्वरूपाला मान्यता दिली. त्यात लेखणीची वाट साध्या मजकुरासारखी आकड्यांत लिहिलेली असते. ती फाइल उद्या कोणत्याही यंत्राने उघडली, किंवा कागदावर छापून काढली, तरी आडवे इतके, उभे इतके, दाब इतका हे वाचता येईल. नव्वदीच्या त्या गृहस्थांची पाने मी अशा स्वरूपात उतरवून तीन ठिकाणी ठेवली आहेत. मोडी शिकवणाऱ्या संस्थांनी आपल्या परिसरातल्या जुन्या हातांसाठी एवढे केले तरी पुष्कळ होईल. लागते ते फार नाही: एक पाटी, एक लेखणी, दोन दुपारी, आणि लिहिणारा माणूस.

यंत्रांनी आपल्या वाट्याचे काम चोख केले आहे. वस्तू कुठे आहे हे ओळखायला त्यांना थांबून ऐकावे लागते, आणि ती सेकंदाला हजारो वेळा थांबून ऐकतात. लिहिणारे हात अजून आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन बसणे, हे यंत्र करू शकत नाही. ते आपल्याला करावे लागेल.